धावपट्टीचा दीड पानी इतिहास

निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हा साहेबांनी मला विमानतळाचा इतिहास लिहायला सांगितला. साहेब म्हणजे आमचे तरुण अभियंते, वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढे. मी तिथली चौकीदार. चाळीसेक वर्षं मी त्या पट्टीवर काढली होती, म्हणून मलाच सगळं ठाऊक असणार असा त्यांचा समज.

"मावशी, जास्त नको. एक-दोन पानं. बाहेर फलक लावायचाय. कधी बांधलं, कशासाठी बांधलं, आधी काय होतं."

"आधी मिलिटरीचं होतं, साहेब."

"ते सगळ्यांना माहितीय. त्याच्या आधी?"

त्याच्या आधीचं मला कोणी विचारलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

विमानतळ हा शब्द आमच्या जागेला मोठाच होता. नगरहून एसटीने तासाभरावर तालुक्याचं गाव, आणि गावाबाहेरच्या माळावर एक लांब डांबरी पट्टी. कडेला दोन खोल्या, पाण्याची टाकी, एक लोखंडी खांब आणि त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल-पांढरी कापडी पिशवी. लोक सगळ्याला मिळून नुसतं 'पट्टी' म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात मिलिटरीने ती बांधली, युद्ध संपल्यावर सोडली, आणि पुढे कधीतरी ती आमच्या खात्याकडे आली. एवढंच मला माहीत होतं, आणि तेही दादांकडून.

दादा म्हणजे माझे वडील. माझ्या आधी तेच तिथले चौकीदार होते. ते गेले तेव्हा मी बारावी होऊन घरी बसले होते. भाऊ नव्हता, म्हणून अनुकंपेवर नोकरी मला मिळाली. आमच्या बौद्धवाड्यातून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली बाई. आईला कोण आनंद झाला होता! मला मात्र पहिल्या दिवशी तो माळ बघून रडू आलं होतं. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक उन्हात हलताना दिसायचं, आणि मध्ये माणूस म्हणून नाही. पुढे लग्न होऊन मी नगरजवळ केडगावला आले, तरी नोकरी तीच. सकाळची एसटी, दिवसभर पट्टी, संध्याकाळची एसटी.

काम विचाराल तर गवत, गुरं आणि वाट बघणं. वर्षात चार-सहा वेळा कोणा मंत्र्याचं विमान नाहीतर हेलिकॉप्टर यायचं. आदल्या दिवशी जिल्ह्यावरून फोन, मग गवत काढा, कडेने चुन्याची फक्की मारा, कुत्री हाकला. पिशवी वाऱ्याने फाटायची. नवी मागवली की येता येता पावसाळा उलटायचा, म्हणून मी घरच्या मशीनवर छत्रीचं कापड जोडून ती शिवून आणायची. विमान उतरायचं, माणसं गाड्यांत बसून जायची, धूळ खाली बसायची आणि पट्टी पुन्हा माझी एकटीची व्हायची.

आणि दर पावसाळ्यात पट्टी एका ठिकाणी खचायची. पूर्वेकडच्या टोकापासून थोडं अलीकडे, डाव्या अंगाला, बैलगाडीच्या चाकाहून थोडा मोठा गोल खड्डा. दादांच्या वेळीही तो पडायचा. ते मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून तो बुजवायचे. माझ्या काळात ठेकेदार यायचे, खडी-डांबर ओतायचे, रोलर फिरवायचे. पुढच्या श्रावणात खड्डा हजर. प्रत्येक नव्या साहेबाला मी तो दाखवला. प्रत्येक साहेब म्हणाला, "पाणी मुरतंय." ते मलाही दिसत होतं.

शिर्डीला मोठा विमानतळ झाला तेव्हा वाटलं, आपलं आता संपलं. साईबाबांच्या भाविकांची विमानं त्या बाजूला उतरताना लांबून दिसायची. आमच्या पट्टीवर पोलीस भरतीची पोरं-पोरी पहाटे धावायला येऊ लागली, कोणी गाडी शिकायला, कोणी लग्नाआधीचे फोटो काढायला. मी आधी हटकायची, नंतर सोडून दिलं. मग अचानक कागद हलले. लहान विमानांची सेवा सुरू करायची, नवं डांबर, नवी इमारत, नवं कुंपण. जिल्ह्याचं नावही तेव्हाच बदललं होतं, त्यामुळे सगळ्या फायलींवर नवे शिक्के. साहेब उत्साहात होते. मी थकले होते. गुडघे गेले होते आणि निवृत्तीपर्यंत कसेबसे दिवस ढकलायचे, एवढंच डोक्यात होतं. त्यात हा इतिहास.

तालुक्याच्या कचेरीत विचारलं, तर जुने कागद नगरला. नगरला विचारलं, तर शोधावे लागतील. महिना असाच गेला. शेवटी चहाच्या टपरीवाला म्हणाला, "कुंपणापल्याडच्या वस्तीवर म्हातारे चाचा हायेत ना. त्यांच्या बापाचीच जमीन गेल्ती म्हनं पट्टीत."

मला ते चाचा माहीत होते. म्हणूनच जावंसं वाटेना.

पट्टीच्या उत्तरेला मुसलमान शेतकऱ्यांची दहा-बारा घरं आहेत. त्यांच्या शेळ्या माझ्या नोकरीचा निम्मा त्रास होत्या. कुंपण तुटलं की आत. किती वेळा मी त्या हाकलल्या, दोनदा तर कोंडवाड्यात घातल्या, कारण दुसऱ्या दिवशी विमान होतं आणि वरून दम भरलेला होता. चाचांची बायको तेव्हा होती. एका उन्हाळ्यात ती गवताचा भारा घेऊन पट्टीच्या कडेने चालली होती. मी तिला अडवलं. भारा सोडायला लावला, विळा काढून घेतला. साहेबीण नव्हते मी, पण तोरा तसाच होता. ती भांडली नाही. डोक्यावरची चुंबळ सोडली, कापड झटकलं, घडी घातली आणि गेली. विळा दोन दिवसांनी मी परत पाठवला, पण स्वतः गेले नाही. ती चारेक वर्षांपूर्वी वारली. तेव्हाही गेले नाही.

तरी एका दुपारी गेले. चाचा बाहेर पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसले होते. नव्वदीला टेकलेले, पण पाठ ताठ. त्यांच्या सुनेने मला ओळखलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अब्बा, पट्टीवरल्या बाई आल्यात."

"कशापायी? आपल्या शेळ्या तर समद्या बांधल्यात."

"शेळ्यांसाठी नाही आले चाचा," मी म्हणाले. "पट्टीच्या आधी इथं काय होतं, ते विचारायला आले. साहेबांनी लिहून मागितलंय."

त्यांनी काठीने समोरचा ओटा दाखवला. मग म्हणाले, "बस."

मी बसले. जे मनात होतं तेच तोंडातून आलं. "चाचींचा मी एकदा विळा काढून घेतला होता."

"सांगितलं हुतं तिनं."

"मला तसं करायला नको होतं."

"व्हय, नको हुतं," चाचा म्हणाले. "तुझी नोकरी हुती. तुझा बाप बी हाकलायचा आमाला. पर तो आदी हाळी द्यायचा, मंग यायचा. तेवढ्यात आमी निघून जायचो." एवढं बोलून त्यांनी तो विषय सोडला. मला बरं वाटलं असं म्हणवत नाही.

सुनेने चहा आणला. चाचा सांगू लागले.

"मी लई ल्हान हुतो. पर तवाचं समदं ध्यानात हाय, कालचं ऱ्हात न्हाई. आमचं रान हुतं पूर्वेच्या अंगाला. शाळू हुता उभा, हुरड्यात आल्ता. मिलिटरीची मानसं आली, मोजनीची साखळी घिऊन. लाल झेंड्या रवल्या. बापाला कागद दिला. म्हनले, लढाई हाय तवर जागा आमची, लढाई संपली का तुमची तुमाला. शाळू हिरवाच कापला. जनावरांनी खाऊन खाऊन किती खावा?"

"मग तुमचे वडील?"

"त्येनला तिथंच काम दिलं. दगड फोडायचं. माझी अम्मा बी पाटीनं खडी वाहायची, आपल्याच रानात. मी बांधावर बसायचो बहिनीला घिऊन. पानी तापवून चालनारा रोलर हुता, त्याला आमी लई भ्यायचो. पयलं इमान उतरलं तवा वाऱ्यानं आमची कडब्याची गंज उडाली. बाप कडबा गोळा करत फिरत हुता आन् समदा गाव इमान बघत हुता."

लढाई संपली. विमानं गेली. जागा परत मिळाली नाही. चाचांच्या वडिलांनी अर्ज केले, मग चाचांनी केले. नगरला पायी जायचे, झाडाखाली बसायचे, नंबर आला की आत जायचे, पुढच्या महिन्यात या असं ऐकून परत यायचे. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगत होते. मी वहीत लिहून घेत होते. हात दुखायला लागला होता.

"रानाचं जाऊ दे," ते म्हणाले, "हीर लई चांगली हुती. मोट चालायची तिच्यावर, बारा महिने. गोड पानी. ती बुजवताना बापानं काम केलं न्हाई. बाजूला हुबा ऱ्हायला. त्यांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या, मोटंचं लाकूड टाकलं, वरनं दगडमाती, आन् रोलर फिरिवला. नीट भरली बी न्हाई. घाई हुती त्येनला."

माझं पेन थांबलं. "कुठे होती विहीर?"

"पट्टीच्या खाली."

"पट्टीच्या खाली कुठे, चाचा?"

"ते असं घरात बसून कसं सांगू? तिथं गेलो तर सांगीन. दर्ग्याचा घुमट आन् डोंगराची खाच एका रेघंत आली पायजे, आन् पाठीमागं गावाच्या देवळाचा कळस. बाप तसा दावायचा मला, कुंपनाभायेरनं."

मी त्यांना खड्ड्याबद्दल काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तीच जागा दाखवली असती, असं उद्या कोणीही म्हणालं असतं. एवढी अक्कल चाळीस वर्षांत खात्याने मला दिली होती.

साहेबांना मात्र सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःची गाडी वस्तीवर नेली. चाचा पांढरा सदरा घालून तयार होते. सून बरोबर आली. गाडी फाटकातून आत शिरली तेव्हा सुनेने दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मला म्हणाली, "फाटकातनं पयल्यांदाच आलो."

पट्टीवर खडीचे ढीग पडले होते, नव्या कामासाठी मोजणीवाले तिपाईवर यंत्र लावून उभे होते. मागच्या पावसाळ्यातला खड्डा ठेकेदाराने दिवाळीतच बुजवलेला, वर काळंभोर डांबर. बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं. चाचा काठी टेकत निघाले. सून हात धरायला गेली तर त्यांनी झटकला. थोडं चालायचे, दर्ग्याकडे बघायचे, हाताची सावली करून डोंगराकडे बघायचे, मग वळून देवळाकडे. कळस आता नव्या इमारतींमागे जेमतेम दिसत होता. एकदा ते बरेच उजवीकडे गेले आणि माझी आशाच सुटली. म्हटलं, म्हाताऱ्याची नजर ती, एवढी वर्षं झाली. पण ते पुन्हा डावीकडे सरकले, आणखी दहा पावलं गेले, थांबले, आणि काठी टेकून म्हणाले,

"हितं. मोटंच्या बैलांची धाव तिकडं हुती, आन् हीर हितं."

काठी बरोबर त्या खड्ड्यावर होती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मोजणीवाल्यांतला एक जण उगाच म्हणाला, "पाणी मुरतंय म्हणत होते ना?" मला दादा आठवले. भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन त्या जागी धुमस मारणारे दादा. तो खड्डा म्हणजे आपल्याच कामातली काही चूक आहे, असं त्यांना कायम वाटायचं. साहेब आले की ते आधीच अपराध्यासारखे उभे राहायचे. मीही तशीच उभी राहत आले.

पुढच्या आठवड्यात जेसीबी आला. डांबर, खडी, मुरूम, मग जुन्या दगडांची भर, मग गोल चिरेबंदी कड उघडी पडली. चाचांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं, सून छत्री धरून उभी. काळी पडलेली लाकडं निघाली. बाभळीच्या फांद्यांचा नुसता भुगा, त्याचीच पोकळी होऊन वरची माती दर वर्षी आत जात होती. पाणी नव्हतं. तळाला ओल तेवढी होती.

चाचा उठले. साहेब म्हणाले, "बाबा, कडेला जाऊ नका." मग त्यांनीच एका बाजूने दंड धरला, मी दुसऱ्या. चाचा वाकून बघत राहिले. मला वाटलं, रडतील.

"एवढीच व्हय?" ते म्हणाले. "मला वाटत हुतं लई मोठी हाय."

"तुम्ही लहान होता, चाचा."

"व्हय," म्हणाले. "चला आता. ऊन लागतंय."

विहीर दोन दिवस उघडी राहिली. वस्तीवरची माणसं येऊन बघून गेली. तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे तळापासून काँक्रीटने भरून घेतली. ते काम मी उभं राहून पाहिलं. चाचा आले नाहीत.

मग मी इतिहास लिहिला. दीड पान झालं. केडगावच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून चार वेळा लिहून काढलं. शाळू लिहिला, साखळी लिहिली, खडी वाहणाऱ्या बायका लिहिल्या, कडब्याची गंज लिहिली, अर्ज लिहिले, विहीर लिहिली. मुलीने वाचलं आणि म्हणाली, "आई, हे फलकावर नाही येणार." मला ते लिहितानाच माहीत होतं.

साहेबांनी पूर्ण वाचलं. "फार छान लिहिलंय मावशी," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. फलकावर शेवटी चार ओळी आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी गरजेसाठी ही धावपट्टी उभारण्यात आली, नंतर ती राज्याकडे आली, आता तिचं नूतनीकरण होत आहे, आणि खाली उद्घाटन करणाऱ्यांची नावं. नावांनीच निम्मा फलक भरला. "वरून मजकूर ठरून आला," साहेब म्हणाले. खरंच तसं असेल. मी वाद घातला नाही. वाद घालायला अंगात जोर लागतो.

उद्घाटन झालं. त्या दिवशी एक लहान विमान उतरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, विमान परत गेलं. नियमित सेवा लवकरच सुरू होणार होती. मी निवृत्त झाले तोवर झाली नव्हती. पण पावसाळा आला आणि त्या जागी खड्डा पडला नाही. मी रोज जाऊन बघायची. पाऊस थांबल्यावर, छत्री बगलेत धरून, चपलेने दाबून बघायची. डांबर टणक होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या श्रावणात मला काही काम नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मी साहेबांकडे एकच गोष्ट मागितली. दुरुस्तीच्या नकाशाची प्रत. त्यांनी पूर्ण झालेल्या कामाचा नकाशा काढला होता, त्यात त्या जागी एक लहान गोल आणि बाजूला अक्षरं: 'जुनी दगडी विहीर, काँक्रीटने भरली'. साहेबांनी प्रत दिली, वर सही-शिक्काही मारून दिला. मी मागितला नव्हता.

तो कागद घेऊन मी वस्तीवर गेले. चाचा आता आतल्या खोलीत झोपून असायचे. सुनेने मला बसायला खुर्ची दिली आणि कागद उजेडात धरून वाचला.

"पुन्यांदा वाच," चाचा म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. त्यांनी मागितलं म्हणून तिसऱ्यांदाही.

"यानं जमीन नाही मिळायची, चाचा," मी म्हणाले. खोटी आशा मला लावायची नव्हती.

"ते मला कळतंय गं. माझा बाप कचेरीत म्हनायचा, आमची हीर हुती. ते म्हनायचे, कागद दाव. कागद न्हवता." त्यांनी हात पुढे केला, सुनेने कागद दिला. नजर अधू झालेली, तरी त्या गोलावर त्यांनी बोट बरोबर ठेवलं. मग सुनेला म्हणाले, "घडी घालू नगं. गादीखाली सपाट ठिव."

मी उठायला लागले तसं त्यांनी विचारलं, "तुझी नोकरी संपली म्हनं?"

"या शनिवारी."

"मंग काय करनार?"

"झोपणार, चाचा. आधी महिनाभर नुसती झोपणार."

"न्हाई लागत झोप," ते म्हणाले. "मी करून बघितलंय."

सून हसली. तिने मला एका पिशवीत मेथीच्या दोन जुड्या बांधून दिल्या, घरच्याच रानातल्या. मी नको म्हणाले नाही. रस्त्यावर आले तेव्हा चारची एसटी निघून गेली होती. पुढची यायला तास होता. थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकावर मी पाय वर घेऊन बसले आणि मेथी निवडायला घेतली.